पोटातली वेळ

आमच्या सासरच्या माणसांना कुठे न्यायची सोय नाही. डॉक्टरकडे न्या, बँकेत न्या, कुणाच्या नव्या घरी चहाला न्या. आत शिरल्या शिरल्या सगळ्यांचे डोळे भिंतीवर. घड्याळ दिसलं की पुढच्या मिनिटाला कुणीतरी स्टुलावर चढलेलं असतं. माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा मोठ्या भाऊजींनी बाहेरच्या खोलीतलं घड्याळ पुढे केलं, मधल्या भाऊजींनी स्वयंपाकघरातलं मागे केलं, आणि ते दोघं हात धुवायला गेल्यावर माझ्या नवऱ्याने दोन्ही पुन्हा फिरवली. माझे वडील दुसऱ्या दिवशी शिपायाच्याही आधी ऑफिसात पोचून बंद दाराबाहेर उभे. लग्न तरीही झालं, याचं श्रेय आईच्या सोशिकपणाला.

घराणंच घड्याळजींचं. मामंजींना चार मुलं: मोठे भाऊजी, मधले भाऊजी, मग वन्सं, आणि शेंडेफळ म्हणजे माझा नवरा. एकाच शहरात चौघांची चार दुकानं. मामंजी जाताना प्रत्येकाला आपलं एकेक घड्याळ देऊन गेले आणि तिथेच माती खाल्ली. मोठ्यांना लंबकाचं, मधल्यांना जहाजावरचं पितळी, वन्संना काचेच्या पेटीतलं, धाकट्याला खिशातलं. प्रत्येकाची ठाम समजूत अशी की बाबा स्वतः याच घड्याळावर वेळ लावायचे. चार घड्याळं चार वेळा दाखवतात, पण कुणी कुणाला विचारत नाही, कारण विचारलं म्हणजे हरलं.

दुकानं वेगळी असली तरी मनोऱ्यांचं काम एकत्र होतं. शाळेचा मनोरा, बाजाराचा, स्टेशनचा, हॉस्पिटलचा. तिथली घड्याळं बंद पडली की सामायिक नावावर बोलावणं यायचं आणि मोठे भाऊजी ते वाटायचे. वाटायचे म्हणजे काय, वाढपी ओळखीचा असून उपयोग नव्हता, वाढपीच पहिल्या पानावर बसलेला. उंच मनोरे त्यांचे, बुटके मधल्यांचे, ज्यांवर कबुतरं फार ते माझ्या नवऱ्याचे. आणि वन्संना दरवेळी एकच वाक्य: पुढच्या वेळी तू.

वन्सं लहान असताना मामंजींनी त्यांना एकदा हॉस्पिटलच्या मनोऱ्यावर नेलं होतं. दातेरी चाकांना तेल द्यायला मोठ्या माणसाचा हात आत जात नव्हता, म्हणून यांचा घातला. ती गोष्ट त्या अजून सांगतात, आणि सांगताना उजव्या हाताची बोटं आपोआप मिटतात. पुढे कधीतरी त्यांनी मनोऱ्याच्या कामासाठी पट्ट्याची एक चामडी पिशवी शिवून घेतली. ती त्यांच्या दुकानात खुंटीला टांगलेली असते. त्या तिला तेलाचा हात लावतात, पुसतात, पुन्हा टांगतात. पिशवी एकदाही वर गेली नव्हती आणि मला खरंच ती बघवत नसे.

म्हणून ज्या दिवशी मनोऱ्यांच्या वाटपावरून चौघांची जुंपली, त्या दिवशी मी मध्ये पडले. मधले भाऊजी म्हणाले, पाळ्या लावा आणि वहीत लिहा. मग वही कुणी ठेवायची यावरून दुसरं भांडण. मोठ्यांकडे ठेवली तर मधल्यांना खात्री की पानं फाटणार. मधल्यांकडे ठेवली तर मोठ्यांना खात्री की पानं वाढणार. मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, एकाने कशाला, चौघांनीही ठेवा.

माझ्या कंपनीत आम्ही गोदामवाल्यांसाठी हेच करतो. खाजगी ब्लॉकचेन, म्हणजे नोंदींच्या पानांची साखळी. प्रत्येकाच्या जागेत एकेक छोटा कॉम्प्युटर. आमच्या घरी त्याचं नाव डबा. नोंदींचं नवं पान एक डबा तयार करतो, त्यावर वेळ घालतो, बाकीचे ते तपासतात आणि पटलं तर आपल्याकडे जोडून घेतात. एकाने मागून खाडाखोड केली की उरलेले ती नाकारतात. आणि या साखळीवर चढवायचा तो स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे स्वतःच चालणारा करार: काम आलं की पुढची पाळी कुणाची ते करारच सांगणार, आणि मोठेपणा सांगून त्याला गप्प करता येणार नाही. एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेल्या माणसांसाठीच ही युक्ती निघाली आहे, असं मी म्हणाले, तर चौघांनाही ते आपलं कौतुक वाटलं. अट मात्र घातलीच: आपापल्या दुकानातल्या डब्यात बाहेरून कुणी डोकावायचं नाही. मीसुद्धा नाही.

पहिल्या पाळीसाठी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी वन्संची निघाली.

मोठ्या भाऊजींनी चष्मा पुसला. मग ते अगदी गोड आवाजात बोलले, आणि तो आवाज ऐकला की आमच्या घरात सगळे सावध होतात. हॉस्पिटलचं घड्याळ बंद पडलंय, सोमवारी त्यांचं बोलावणं येणार. तोपर्यंत धाकटीचा करार साखळीवर चढला तर पाळी बहिणीची. नाही चढला तर जुनी पद्धत. धाकटी म्हणजे मी. वन्सं तिथून उठल्या. दुकानात गेल्या आणि पिशवीला तेल लावत बसल्या.

घरी जेवणाच्या टेबलावर चारही डबे शेजारी शेजारी ठेवून मी चाचणी घेतली होती. करार लोण्यात सुरी जावी तसा चढला. मग डबे आपापल्या दुकानांत गेले, मी पुन्हा करार पाठवला आणि तो पेंडिंग म्हणून जो बसला तो बसलाच. पान काही साखळीला जोडलं जाईना. मी वायर बदलली. करार पुन्हा लिहिला, पुन्हा पाठवला. साखळीचा क्रमांक तपासला, परवानग्या तपासल्या, आवृत्ती मागची घातली, मग पुढची घातली. एक ना धड, भाराभर चिंध्या. आमच्या दुकानातला डबा इमानेइतबारे पान बनवत होता आणि त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, एकच रडगाणं होतं: इतरांची वाट बघतोय, इतरांची वाट बघतोय.

माझा संशय सरळ मोठ्या भाऊजींवर. प्लग काढत असणार, दुसरं काय! हा माणूस ताकाला जाऊन भांडं लपवणारा. शनिवारी मी न सांगता त्यांच्या दुकानात जाऊन थडकले. बघते तर ते खरंच डब्यापाशी वाकलेले. हातात मऊ फडकं. डबा पुसत होते, आणि तोही इतक्या मायेने की मला क्षणभर लाज वाटली. मोठ्या जाऊबाईंनी चहा ठेवला आणि माझ्या कानात सांगितलं की हल्ली नातवंडांपेक्षा याचे लाड जास्त आहेत. भाऊजी म्हणाले, यंत्र उत्तम आहे, आल्या दिवशीच मी ते नीट करून घेतलंय. हे 'नीट करून घेतलंय' तेव्हा माझ्या कानावरून गेलं, डोक्यात शिरलं नाही. मी विचारलं, डब्याचा लॉग बघू का? ते म्हणाले, माझ्यासमोर बघ.

बघितला. त्यांचा डबा चालू होता, जोडलेला होता, त्याने प्लग निघाल्याची एकही तक्रार केली नव्हती. त्याने फक्त एका डब्याची पानं ओळीने फेकून दिली होती, आणि प्रत्येक पानापुढे कारण लिहिलं होतं की या पानावरची वेळ अजून आलेलीच नाही. ज्या डब्याची पानं फेकली, तो होता आमचा. माझ्या नवऱ्याचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. विचारलं, डब्याच्या घड्याळाला हात लावलास का? मग म्हणतो कसा, अगं, चुकीचं होतं ते, मी बाबांच्या घड्याळावर लावलं. जगातल्या कुठल्याही माणसाने कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या वेळेवर शंका घेतली नसती. हे महाशय शर्टाच्या खिशातून घड्याळ काढून त्याची चूक दुरुस्त करत होते. मी फोन ठेवला तेवढ्यात मोठ्या भाऊजींच्या लंबकाच्या घड्याळाने टोले दिले. त्यांच्या डब्याच्या पडद्यावर तीच वेळ, अगदी काट्याला काटा. माझ्या फोनवर मात्र टोले पडायला अजून सहा-सात मिनिटं होती.

"भाऊजी," मी म्हटलं, "हा डबा स्वतःची वेळ स्वतः जुळवून घेतो. ती सोय तुम्ही बंद केलीत?"

"केली," ते म्हणाले. "बाबांच्या दुकानात वेळ बाहेरून आणायची? हलवायाने मिठाई विकत आणून खावी तसलं झालं ते."

यात लबाडीचा लवलेश नव्हता. मी चांगली तयारी करून भांडायला गेले होते, माझं सगळं मुसळ केरात. पुढे मधल्यांकडे गेले, तिथे डबा पितळी घड्याळाप्रमाणे मागे. वन्संकडे गेले, तिथे तो काचेच्या पेटीप्रमाणे आणखी मागे. चार डबे, चार वेळा. ज्याचं घड्याळ पुढे त्याचं पान बाकीच्यांना उद्याच्या वर्तमानपत्रासारखं वाटणार. ते कसं जोडून घेतील? वन्संना मी सगळं सांगितलं. त्यांच्याचसाठी चाललं होतं, म्हणून मला वाटलं त्या तरी ऐकतील. त्यांनी पिशवी हातातून खाली ठेवली, काचेच्या पेटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या की बाकीच्या तिघांनी बदलावं, हे घड्याळ बाबांचं आहे. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. मला रडावं की हसावं कळेना.

तरी मी सरळ मार्ग करून पाहिला. संध्याकाळी चौघांना एकत्र बसवलं आणि हात जोडून विनवलं की फक्त डब्यांपुरती एक वेळ ठरवा. मोठे म्हणाले, माझी. मधल्यांनी बोटीचा मुद्दा काढला. म्हणे समुद्रात वेळ चुकली तर जहाज बुडतं, म्हणून त्यांचं घड्याळ सर्वांत खरं. यावर वन्सं म्हणाल्या की तू पोहायलासुद्धा शिकला नाहीस. माझ्या नवऱ्याने खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, आणि त्यानंतर जे झालं ते मी लिहीत नाही, कारण सगळ्यांना पुढे एकमेकांकडे जेवायला जायचं असतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. राग इतका आला होता की वाटलं चारही डबे उचलून भंगारात घालावेत. सोमवारी हॉस्पिटलचं बोलावणं येणार, मोठे भाऊजी वर जाणार, पिशवी खुंटीलाच राहणार, आणि या सगळ्याचं खापर माझ्या डोक्यावर. कानामागून आली आणि तिखट झाली, हे तर ऐकायचंच होतं. भांडी जरा जोरातच आदळली तेव्हा कुठे डोकं चाललं. यांना वेळ बदलायची नाही ना? नका बदलू. यांना पडद्यावर काय दिसतं तेवढ्याशीच यांचं देणंघेणं.

कॉम्प्युटरला दोन वेळा असतात. एक वर दिसते ती आणि एक पोटातली. वरची वेळ देशागणिक बदलता येते. इथे सकाळ असेल तेव्हा तिकडे रात्र दाखवायची ती सोय. पोटातली मात्र जगभर एकच, आणि साखळीतली पानं पोटातल्या वेळेवर चालतात. मग काय! मी चार नवे देश स्थापन केले. प्रत्येक देशाची लोकसंख्या एक दुकान. मोठ्या भाऊजींचा देश उर्वरित जगाच्या सहा-सात मिनिटं पुढे. माझ्या नवऱ्याचा त्याच्याही पुढे, मधल्यांचा मागे, वन्संचा त्याहून मागे. चारही पोटं एका वेळेवर आणली, आणि चारही पडद्यांवर बाबांची ज्याची त्याची वेळ ठेवली.

रविवारी एकेका दुकानात जाऊन हे करून आले. प्रत्येकाला तेच सांगितलं: बघा, डबा तुमच्याच वेळेवर चालतोय, फक्त आता त्याला हात लावू नका. यात खोटं काहीच नव्हतं. मोठे भाऊजी लंबकाकडे, मग पडद्याकडे, मग पुन्हा लंबकाकडे बघून म्हणाले, शेवटी तिघांनी मानलं तर. मी म्हटलं, तुमच्यापुढे कोण काय बोलणार. मधल्या भाऊजींनीही साधारण तेच विचारलं आणि साधारण तेच उत्तर नेलं. वन्सं पडद्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. माझ्या नवऱ्याला मी काहीही सांगितलं नाही. नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

दुपारी करार पाठवला. पान झालं की घंटी वाजेल असं मी डब्यात घालून ठेवलं होतं. आमच्या दुकानात घंटी वाजली आणि पाठोपाठ तीन फोन आले, तुमच्याकडेही वाजली का म्हणून. मी जिन्यात बसून एकटीच हसले.

सोमवारी हॉस्पिटलचं बोलावणं आलं आणि कराराने वन्संचं नाव काढलं. मला वाटलं होतं मोठे भाऊजी आता खोट काढणार. पण माणूस शब्दाचा पक्का निघाला. तडक बहिणीच्या दुकानात गेले, मनोऱ्यात तिसऱ्या वळणावरची एक पायरी डुगडुगते तेवढं सांगितलं, आणि परत येताना जिना उतरून धापा टाकत उभे राहिले. वन्संच्या दुकानाला जिना नऊ पायऱ्यांचा आहे. मनोऱ्यांची हौस अजून भाऊजींची होती, गुडघ्यांची केव्हाच संपली होती, आणि हे ते कुणाजवळ बोलले असते तर ते मोठे भाऊजी कसले.

काम संपायच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून हॉस्पिटलच्या आवारात खाली उभी राहिले. वर तबकडीच्या मागे एक झडप आहे, तिच्यातून त्या पिशवीचा पट्टा लोंबताना दिसत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"चालू झालं," वन्सं म्हणाल्या. श्वास लागला होता आणि आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "आता काटे लावायचेत. वेळ सांग."

मी म्हटलं, काचेच्या पेटीतली ना? थांबा, हिशेब करून सांगते.

"ती नको गं. इथून सगळं शहर दिसतंय. लोक याच्यावर गोळ्या घेतात, ड्यूट्या बदलतात. बाबांची वेळ दुकानात ठीक आहे, इथे नाही चालायची. तू डब्यांच्या पोटात जी घालून ठेवली आहेस ना, ती सांग."

मी वर झडपेकडे पाहिलं. कुणी सांगितलं, एवढंच विचारलं.

"घड्याळवाल्याची पोर आहे मी," त्या म्हणाल्या. "तबकडी बघून फसत नाही."

मी वेळ सांगितली. काटे हलले, थांबले, आणि थोड्या वेळाने टोले पडले. आवारातली माणसं मान वर करून बघायला लागली. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. हॉस्पिटलच्या दारात कुणी कारण विचारत नाही.

चार दिवसांनी मोठ्या भाऊजींचा फोन आला. त्याच गोड आवाजात म्हणाले, जरा दुकानात येऊन जा, तुझं यंत्र बिघडलंय. म्हटलं, संपलं. आता चार देशांचा पत्ता लागला, आता करार मोडणार, आणि वन्संच्या वाट्याला एकच मनोरा लिहिलेला होता म्हणायचं. वाटेत मी तीन प्रकारच्या माफ्या तयार केल्या.

भाऊजी काउंटरमागे उभे होते, डोळ्याला भिंग, हातात काहीच नाही. त्यांनी बोटाने डबा दाखवला. म्हणाले, पुढे पळतोय. बघ, सहा-सात मिनिटं पुढे.

मी डब्याकडे पाहिलं. तो बरोबर तिथेच होता जिथे मी त्याला ठेवला होता. मग लंबकाकडे पाहिलं. मग माझ्या फोनकडे. लंबक आणि फोन काट्याला काटा जुळत होते. मला आधी अर्थच लागेना. त्यांच्या दुकानाच्या खिडकीतून समोरच्या छपरांवरून हॉस्पिटलचा मनोरा दिसतो. मी मान वळवून तिकडे बघितलं. मोठ्या भाऊजींनी बघितलं नाही. ते भिंग पुसत होते. स्टूल अजून लंबकाच्या घड्याळाखालीच होतं.

"बाबांच्या घड्याळात फरक पडत नसतो," ते म्हणाले. "यंत्रच चुकलं असणार."

"यंत्रच चुकलं, भाऊजी," मी म्हटलं. "माझीच चूक."

मी खाली बसले आणि त्यांचा देश बरखास्त केला. मागे मोठ्या जाऊबाई चहाचा कप घेऊन कधीच्या उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. मी निघाले तेव्हा भाऊजी दारापर्यंत आले. मनोऱ्याचे टोले सुरू झाले, आत लंबकाचे सुरू झाले, आणि ते संपेपर्यंत आम्ही दोघं उंबऱ्यावर तसेच उभे राहिलो.

"हे बघ धाकटे," ते म्हणाले, "मधल्याला काही कळवायची गरज नाही."